कार्ड कप्प्यात आहे तोवर

परीक्षा तोंडावर आल्याशिवाय पुस्तकाला हात लावायचा नाही, असा नियम कुणी केलेला नाही, तरी सगळे इमानेइतबारे पाळतात. भोकरहून नांदेडला ये-जा करणारी ज्योत्स्नाही पाळायची. म्हणूनच संख्याशास्त्राच्या एका पेपरावर तिची बी.ए. अडली होती. जुन्या अभ्यासक्रमाची शेवटची परीक्षा उद्याच होती. पेपर सुटला तर लातूरला बी.एड., नाही सुटला तर सगळी वर्षं पाण्यात.

तिला हवं होतं ते पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयात रिझर्व्हला होतं, एकच प्रत. रिझर्व्हचं पुस्तक घरी न्यायचं नाही. ओळखपत्र काउंटरच्या कप्प्यात ठेवायचं, वाचनकक्षात बसून वाचायचं, पुस्तक परत केलं की कार्ड मिळायचं.

"ते पुस्तक कपाटात न्हाई," काउंटरवरचे शेषेराव म्हणाले. "म्या कुणाला पाह्यलं न्हाई, पण कार्ड हाय कप्प्यात. म्हंजी आत कुणीतरी वाचून राहिलंय. जा, जो कुणी असंल त्यालाच माग." एवढं सांगून ते चहाला गेले.

शेवटच्या टेबलावर लाल रिबिनीच्या दोन वेण्या घातलेली एक मुलगी बसली होती. पंखा गरगरत होता, सगळ्यांच्या वह्या फडफडत होत्या. तिच्या पुढ्यातल्या पुस्तकाचं पान मात्र हलत नव्हतं.

"उद्या पेपर हाय माझा," ज्योत्स्ना म्हणाली. "देतीस का जरा?"

मुलीनं चमकून वर पाहिलं. "तुला मी दिसून राहिले? तुला हेच पुस्तक पाहिजे?"

"हाव."

"मग ने की. पण आधी तुझं कार्ड त्या कप्प्यात ठेव अन् माझं मला आणून दे."

अभ्यासानं डोकं फिरलेल्या पोरी ज्योत्स्नानं पुष्कळ पाहिल्या होत्या. खरं तर आधी पुस्तक काउंटरवर टेकवायचं, मगच कार्डं बदलायची, ही तिथली रीत. पण शेषेराव चहाला गेले की पोरं परस्पर उरकून घ्यायची. ज्योत्स्नानंही तेच केलं. कप्प्यातलं कार्ड बर्फासारखं गार लागलं. फोटो पिवळा पडला होता, नाव होतं सुकन्या.

कार्ड हातात पडताच सुकन्या ढसाढसा रडली. "माझी बी उद्याच परीक्षा होती गं," ती म्हणाली. "किती वर्षं झाली, कुणास ठाऊक. मला माफ कर." आणि ती दारातून निघून गेली. दाराजवळ बसलेल्या कुणीही मान वर केली नाही.

ज्योत्स्नाच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण पेपर उद्या होता, तिनं पुस्तक उघडलं. गणितं भराभर सुटू लागली आणि ती भान विसरली.

वाचनकक्ष बंद करायची वेळ झाली. शेषेरावांनी तिच्याच टेबलाशी येऊन खिडकी लावली. "मामा, झालंच माझं," ती म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. ती काउंटरकडे धावली, पुस्तक आपटलं, आवाज झाला नाही. कप्प्यातलं स्वतःचं कार्ड तिनं दोन्ही हातांनी ओढलं. ते जागचं हललं नाही. मग ती दाराकडे पळाली. उंबऱ्याबाहेर पाय टाकला, तेव्हा ती शेवटच्या टेबलाशीच उभी होती.

दुसऱ्या दिवशी समोरच्या इमारतीत पेपरची घंटा झाली. खिडकीच्या काचेवर हात बडवत ज्योत्स्ना पोरींना आत जाताना पाहत राहिली. पेपर सुटल्यावर खिडकीखाली एकीनं प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवले. ज्योत्स्नाला सगळे येत होते. ती हमसून हमसून रडली.

संध्याकाळी ग्रंथपाल महादेवी मॅडम काउंटरशी आल्या. "शेषेराव, जुना अभ्यासक्रम आज संपला. ते संख्याशास्त्राचं पुस्तक आता कोण मागणार? रिझर्व्हमधून काढून टाका."

"काढतो की मॅडम. पर कप्प्यात कार्ड हाय. वाचून राहिलं असंल कुणी."

"बरं, परत आलं की काढा."

ज्योत्स्ना पुस्तक पुढे धरून दोघांच्या मधोमध उभी होती. शेषेरावांनी तिच्या खांद्याजवळून हात लांबवला आणि दिवा बंद केला.