आसाराम झोपला

तुषार माझा धाकटा भाऊ. नगरच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅम लिहायचा आणि जगातली सगळी अक्कल आपल्याच घरी उतरल्यासारखा वागायचा. श्रीगोंद्याकडच्या आमच्या साखर कारखान्यात मी टायपिस्ट होते, आणि आमचे वडील, नाना, उसाच्या वजनकाट्यावर. त्या काट्याला कॉम्प्युटर जोडायचं काम तुषारच्या कंपनीला मिळणार होतं, पण चाचणी नीट झाली तरच. नाहीतर पुण्याची एक पार्टी टपून बसलेली होती. काम गेलं तर तूही घरी बस, असं कंपनीच्या साहेबांनी त्याला सांगून ठेवलं होतं.

अडत होतं ते डिस्कपाशी. गाडीचं वजन आलं की ते डिस्कवर लिहायचं. तुषारचा ड्रायव्हर, म्हणजे डिस्क चालवणारा प्रोग्रॅम, डिस्कला काम सांगायचा, झालं का ते एकदा बघायचा आणि नसेल तर झोपी जायचा. काम झालं की डिस्कने इंटरप्ट, म्हणजे हाक, देऊन त्याला उठवायचं, असा रिवाज. पण डिस्क नवी होती, चपळ होती. कधी कधी ड्रायव्हरने बघितल्यावर, तो धड आडवा व्हायच्या आतच ती हाक मारून मोकळी व्हायची. मग हा झोपला की झोपला. उठवणारी हाक आधीच होऊन गेलेली, कॉम्प्युटर ठप्प.

कुठे अडतं ते कळावं म्हणून त्याने प्रोग्रॅममध्ये दोन ओळी घातल्या. झोपायच्या आधी पडद्यावर इंग्रजी अक्षरांत यायचं, ‘आसाराम झोपला’. आणि काम झालं की, ‘आसाराम उठला’.

आसाराम म्हणजे आमचे नाना. मागे एका हंगामात पहाटे काट्यावर त्यांचा डोळा लागला होता. बैलगाड्यांची रांग गेटाबाहेर गेली, गाडीवानांनी बोंबाबोंब केली, नानांना मेमो मिळाला. तेव्हापासून कारखान्यातली शेंबडी पोरंसुद्धा त्यांना झोप्या म्हणायची. तुषारने ओळींची गंमत मला सांगितली तेव्हा मीही हसले. घरातल्या घरात आहे, म्हटलं.

आणि गंमत अशी की त्या ओळी घातल्यापासून कॉम्प्युटर अडेचना. पडद्यावर लिहिण्यात जो वेळ जायचा तेवढ्यात डिस्कचं काम उरकायचं, ड्रायव्हर बघायचा तर काम झालेलं, त्याला झोपायची वेळच यायची नाही. तुषारला वाटलं, आजार गेला. त्याने ओळी काढून नवी फ्लॉपी केली. जुनी जवळ ठेवली, असावी म्हणून.

चाचणीला चेअरमनसाहेब आले. नाना धुतलेला गणवेश घालून, छातीवर इंग्रजीत नाव असलेला बिल्ला लावून, पोराचं मशीन बघायला दारात उभे होते. पहिले ट्रॅक्टर नीट गेले. मग पडदा गप्प झाला. पुन्हा चालू केला, पुन्हा गप्प. पुण्याची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. तुषारचा चेहरा राखेसारखा झाला. त्याने पिशवीतून जुनी फ्लॉपी काढली आणि माझ्याकडे बघितलं. मी नानांकडे बघितलं आणि मान हलवली. नको म्हणून.

त्याने ती घातली.

गाड्या चढत गेल्या, वजनं लिहिली गेली, एकदाही अडलं नाही. प्रत्येक गाडीला आसाराम झोपला आणि आसाराम उठला. चेअरमनसाहेबांनी ते मोठ्यानं वाचलं. “आरं आसाराम, हे मशीन बी तुला वळखतंय की!” सगळी खोली हसली. नानाही हसले, बाकीचे हसतात तसे. तुषार कीबोर्डकडे बघत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“सीमे, खरंच काय लिवलंय गं?” बाहेर आल्यावर नानांनी विचारलं.

“काही नाही. साहेब थट्टा करत होते. मशीनचं इंग्रजी आहे ते.”

“आसं व्हय,” म्हणाले.

काम मिळालं, गाळप सुरू झालं, आणि दुरुस्ती होईपर्यंत तीच फ्लॉपी चालली. कॉम्प्युटरवर मला बसवलं. मी पडद्यावर, त्या दोन ओळी येत तिथे, कागदाची पट्टी चिकटवली. एक दिवस नाना आत आले आणि त्यांनी ती अलगद सोडवली.

“माझं नाव मला वळखू येतं, पोरी. बिल्ल्यावर हाय ते.”

मी पुढच्या गाडीचा नंबर टाईप करायला लागले.

“वरच्या वळीत झोपला हाय, ते समद्यांनी सांगितलं. खाली काय हाय?”

“उठला,” मी म्हणाले.

त्यांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. “मेमोत एवढं न्हवतं लिवलं,” म्हणाले. “तिथं नुसता झोपलाच हुता.” मग त्यांनी पट्टी चुरगाळून खिशात घातली आणि काट्यावर गेले.

मी तुषारला फोन केला, सगळं सांगितलं. मग त्या ड्रायव्हरवर तो हट्टाने बसला. झोपायच्या आधी इंटरप्टचं दार लावून घ्यायचं, हाक येऊन गेली नाही ना ते बघायचं, मगच झोपायचं आणि झोपताक्षणी दार उघडायचं. एवढीच चूक होती. आठवड्याच्या सुटीला तो स्वतः एसटीने फ्लॉपी घेऊन आला. ती घातली. गाड्यांमागून गाड्या गेल्या, पडद्यावर फक्त वजनं.

“नाना, काढलं बघा,” तुषार म्हणाला. “आता तुमचं नाव कधीच येणार नाही.”

नानांनी पडद्यावर वरपासून खालपर्यंत नजर फिरवली.

“उठल्यालं बी काढलंस व्हय?”