ग्वाक मालकांचा पाना

छापखान्याचा मालक ग्वाक पानसोक जिना चढून वर आला तेव्हा त्याच्या एका हातात वकिलाचं पत्र होतं आणि दुसऱ्या हातात छपाई यंत्राचा हातभर लांब पाना. संगणकावर पानं मांडणारी प्यो सुनदोक पत्राकडे बघत राहिली, तिथेच चुकली. पाना आधी तिच्या संगणकाच्या पडद्यावर पडला. काचा तिच्या मांडीवर सांडल्या.

"वीस वर्षं माझं मीठ खाल्लंस, आणि चुगली करतेस?"

"कसली चुगली, मालक?"

"वरच्या पाच कॉम्प्युटरवर चोरीचा प्रोग्राम आहे म्हणून प्रोग्रामवाल्या कंपनीची नोटीस आलीय! एक तुझीच मशीन सुटली. तुला आधीच ठाऊक होतं, म्हणून ते फुकटचं घालून बसलीस!"

सोलमधल्या त्या छापखान्यांच्या गल्लीत महागडा प्रोग्राम विकत घेणारा माणूस शोधूनही सापडला नसता. सुनदोकला मात्र चोरीची लाज वाटायला लागली होती. तिने इंकस्केप हा चित्रं-अक्षरं मांडायचा प्रोग्राम उतरवून घेतला, जो कुणालाही राजरोस फुकट मिळतो. त्यातलं काळं अक्षर छापताना चार रंगांत फुटायचं, कडा धूसर यायच्या. दोन महिने रोज जेवणाच्या सुट्टीत किम्बापच्या भातगुंडाळ्या चावत ती त्याच्याशी झुंजली आणि अक्षर निव्वळ काळ्या शाईत उतरवायला शिकली. ग्वाक हसायचा, "फुकटचं कधी टिकतं का, बाई?" स्वतःचं चोरीचं, पण ऐट बघा!

हे सगळं ती सांगणार कधी? त्याने तिचं उजवं मनगट टेबलावर दाबून धरलं.

"हात नको, मालक! पोट आहे माझं त्याच्यावर!"

पाना खाली आला. तीन बोटं मोडली. मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला, कळ मागून आली. ती किंचाळली, पण खालच्या यंत्रांच्या धडधडाटात कुणाला काही कळलं नाही. दुपारपर्यंत छापायच्या निवडणूक पत्रकाच्या नमुन्यावर रक्त पसरलं.

"पत्र पूर्ण वाचलंत?" तिने दातओठ खात विचारलं.

पहिलंच पान वाचून तो वर धावला होता, चष्माही खालीच राहिला होता. तिने डाव्या हाताने पत्र ओढलं आणि दुसरं पान मोठ्याने वाचलं.

"'तीन तारखेला ग्वाक पानसोक यांनी स्वतः आमच्या मदत केंद्राला फोन केला, प्रोग्राम उघडत नसल्याची तक्रार केली आणि छापखान्याचा पत्ता दिला.'"

ग्वाक पांढराफटक पडला. फोनवरच्या पोरीला त्याने पंधरा मिनिटं झापलं होतं, सेवा वाईट म्हणून. चोर तो चोर, वर शिरजोर! त्याच्या हातून पाना गळाला. तो गुडघ्यांवर बसला.

"चुकलो, बाई. आत्ता दवाखान्यात नेतो. पण... ती पत्रकं? पाचही मशीन आता बंद ठेवायच्यात. तुमचं ते फुकटचं मला लावून द्या ना. सांगाल तसं करतो."

पत्रकं! सुनदोकला असा संताप आला की कळ क्षणभर विसरली.

"देते. उजवा हात टेबलावर ठेवा."

त्याने ठेवला. तिने पाना उचललेला त्याला दिसला. तरी त्याने हात मागे घेतला नाही.

"आता दोघंही डाव्या हाताने शिकू, मालक."

तिच्या डाव्या हाताला सवय नव्हती, म्हणून दोनदा मारावं लागलं.