मावशीचा पत्ता

बारकी रोज सकाळी दोनदा आंघोळ करी. एकदा घरी, दुसऱ्यांदा मावशीकडे.

घर होतं कातडी कमावण्याच्या कारखान्यामागच्या वस्तीत. ओल्या कातड्यांचा, चुन्याचा आणि साचलेल्या पाण्याचा वास तिथल्या भिंतींत, उशांत, केसांत मुरलेला होता. वस्तीतल्यांना तो जाणवत नसे. बाहेरच्यांना मात्र माणूस दिसायच्या आधी वास पोचे. म्हणून बारकीचे कामावर जायचे कपडे मावशीच्या कपाटात असत. पहाटे उठायचं, शहर ओलांडून मावशीच्या फ्लॅटवर जायचं, साबणानं पुन्हा अंग घासायचं, कपडे बदलायचे आणि तिथून रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये. संध्याकाळी हाच सगळा उलटा प्रवास.

"आज तरी दोन घास खाऊन जा," आई म्हणाली.

"मावशीकडे खाईन."

"जाऊ दे गं तिला," आबा भिंतीला टेकून चहा पीत होते. "साहेबीण आहे ती आता. लोकांचं रक्त पिते."

हा विनोद रोजचाच. बारकी हसल्यासारखं करून चपला शोधू लागली. आबा डावा खांदा चोळत होते. चुन्याच्या हौदातून निघालेली कातडी पात्यानं खरवडण्यात त्यांचा जन्म गेला होता. तळहात पांढरे पडून भेगाळले होते. "माझ्या रेषाच चुन्यानं खाल्ल्या," ते म्हणायचे, "आता माझं नशीब कुणाच्या बापाला वाचता यायचं नाही."

"खांदा दाखवून या कुठेतरी," ती म्हणाली.

"तुझ्याच लॅबमध्ये येतो की. काय त्या तपासण्या असतील त्या करून टाक."

बारकीनं चपलेचा पट्टा ओढून लावला. आईनंही भांड्यांतून मान वर केली नाही. आबांनी कप खाली ठेवला आणि आपणच म्हणाले, "सरकारी दवाखान्यात जाऊन येतो रविवारी. तू नीघ, उशीर होईल."

ती निघाली.

हे असं पत्ता बदलून जगणं तिनं शोधून काढलेलं नव्हतं. ते तिला शिकवलं होतं, आणि शिकवणारी बाई मनानं चांगली होती. लॅब टेक्निशियनचा कोर्स झाला त्या संस्थेत नोकरीचं मार्गदर्शन करायला एक बाई होत्या. सगळी माहिती एका पानात बसवा, जे काम येत नाही ते येतं म्हणून लिहू नका, मुलाखतीत हातांशी चाळा करू नका, प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा. बाईंचा सल्ला खणखणीत असे. बारकीनं तो अक्षरन् अक्षर पाळला. प्रॅक्टिकलमध्ये ती वर्गात पहिली होती. मुलाखती चांगल्या होत. मग कुणीतरी अर्जावरून बोट फिरवत विचारी, "राहता कुठे?" उत्तर ऐकलं की बोट थांबे. "ठीक आहे, कळवतो." कुणी कळवलं नाही. एका ठिकाणी तर समोरचे गृहस्थ अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, "मला काही नाही हो, पण आमच्याकडे लोक विश्वासानं हात पुढे करतात."

ती रडली नाही. नुसती येऊन बाईंसमोर बसली. बाईंनी दार लोटून घेतलं.

"दुसरा कुठला पत्ता आहे का गं तुझ्याकडे?"

"मावशी राहते नव्या वसाहतीत. पण बाई, खोटं लिहू नका असं तुम्हीच सांगितलंत."

"मावशी खरी आहे ना? घर खरं आहे ना? दार उघडेपर्यंतच गं हे. एकदा आत गेलीस की तुझं काम बोलेल."

पुढच्याच मुलाखतीत नोकरी मिळाली. बारकी आत गेली, आणि काम खरंच बोललं. बारीक शिरांची म्हातारी माणसं, हातपाय झाडणारी मुलं, सगळ्यांना तिच्याकडेच पाठवत. "तिचा हात हलका आहे," डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पण काम बोलत होतं तेवढं ती बोलू शकत नव्हती. डबा खाताना कुणी घरचं विचारलं की ती मावशीच्या घराचं वर्णन करी. हळूहळू ते तोंडपाठ झालं. पुढेपुढे तर ते सांगताना आत काही हलेनासंही झालं.

त्या दिवशी लॅबमध्ये गर्दी होती. मोबाइल कामाच्या वेळात ड्रॉवरमध्ये ठेवायचे असा डॉक्टरांचा नियम होता. बारकी एका बाईंच्या दंडाला पट्टा बांधत होती, तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीनं नाक दाबूनच आत डोकं घातलं.

"अगं, बाहेर कुणीतरी आलंय. तुलाच बोलवा म्हणतोय."

पडद्याच्या फटीतून तिला लंबूकाका दिसला. आबांच्या शेजारच्या ठोकळ्यावर कातडी खरवडणारा, लहानपणी तिला खांद्यावर बसवून वस्तीभर मिरवणारा लंबूकाका. अंगावर कामाचेच कपडे, गुडघ्यापर्यंत चुना. बाकावरची माणसं सरकून एका टोकाला गोळा झाली होती. डॉक्टर स्वतः केबिनबाहेर येऊन उभे होते.

"हा तुझ्या ओळखीचा आहे का?" त्यांनी पडदा बाजूला सारून विचारलं.

प्रश्न साधा होता. बारकीच्या हातात सुई होती, समोर एक हात विश्वासानं पुढे केलेला होता. बाकावरचे सगळे डोळे तिच्याकडे वळले होते.

"नाही," ती म्हणाली.

लंबूकाकानं तिच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. तो एक पाऊल मागे सरला, फरशीवर पडलेला चुना पायानंच एकीकडे सारायचा प्रयत्न केला. तो आणखीच पसरला.

"माझंच चुकलं असेल," तो म्हणाला. "दुसरंच कुठलं तरी ठिकाण असेल ते." आणि तो गेला.

बारकीनं शीर शोधली. रक्त व्यवस्थित आलं. नळीवर चिठ्ठी लावली, पुढच्या माणसाला आत बोलावलं. आबांनी काही निरोप धाडला असेल, संध्याकाळी बघू, काकाची माफी मागू, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि ते तिला पटलंही. दिवसभर तिचा हात एकदाही चुकला नाही.

मोबाइल बॅटरी संपून बंद पडला होता. मावशीकडे कपडे बदलून ती घरी पोचली, तर दाराबाहेर चपलांचा खच. आबा सकाळी कामावरच छातीला हात लावून खाली बसले होते. दवाखान्यात नेल्यावर दुपारपर्यंत शुद्धीवर होते. तिचं नाव घेत होते. मग गेले.

आईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती लंबूकाकाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होती. "पण सापडलं कसं नाही तुम्हाला? यांनी दाखवली होती ना लॅबची पाटी? समोरच्या फुटपाथवरून तुम्ही दोघं बघून आला होतात ना?"

बारकीला हे माहीत नव्हतं. आबा तिथे येऊन गेले होते, आणि रस्ता न ओलांडता परतले होते.

"गल्ल्या सगळ्या सारख्याच दिसतात, वहिनी," लंबूकाका खाली बघत म्हणाला. "चुकलो मी. गोंधळलो."

त्यानं तिच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही. बारकी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. पुढचं सगळं काचेपलीकडे चालल्यासारखं झालं: लोक आले, आबांना नेलं, लोक परतले.

दुसऱ्या दिवशी मावशी आली. लेकीला कुरवाळावं तसं तिनं बारकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला मोरीपाशी बाजूला घेतलं.

"तू कामावर गेली नाहीस म्हणून तुझ्या लॅबमधून फोन आला होता, मी आबांचं सांगितलं. सगळे भेटायला येतायत उद्या. माझ्याकडे."

"तुझ्याकडे?"

"पत्ता माझाच आहे ना त्यांच्याजवळ! हे बघ, तू आणि ताई सकाळीच या. आबांचा फोटो घेऊन या, बैठकीत ठेवू. तासाभराचा तर प्रश्न आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाळ. इतकी वर्षं सोसायटीत मी माझी काय गंमत म्हणून झाकून ठेवली?"

आईनं ऐकलं होतं. कोरड्या आवाजात ती म्हणाली, "जाऊ आपण. गेलेला माणूस परत येत नाही. नोकरी राहिली पाहिजे."

फोटो भिंतीवर होता. तो काढायला बारकीनं हात वर केला. खिळ्यापाशी हात थांबला.

"लंबूकाकाला लॅब सापडली होती," ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली.

"काय?"

"ते आले होते. मला बोलावत होते. डॉक्टरांनी विचारलं ओळखतेस का. मी नाही म्हटलं."

घरात बसलेल्या बायकांनी माना तिच्याकडे वळवल्या. लंबूकाका उंबऱ्यावर बसला होता. त्यानं डोकं गुडघ्यांत घातलं. आईनं लेकीकडे बघितलं, बघतच राहिली. शिव्या दिल्या असत्या, मारलं असतं, तर बारकीला बरं वाटलं असतं. आई नुसती भिंतीशी सरकून आबांच्या जागेवर जाऊन बसली.

"फोटो कुठेही जाणार नाही," बारकी म्हणाली. "मी त्यांना सांगते इकडे यायला."

"वेडी झालीस का?" मावशी कळवळली. "तुझं जाईल ते जाईल, माझं काय? सोसायटीत तोंड कसं दाखवू?"

"तुझं नाव नाही सांगणार, मावशी. माझं सांगते."

तिनं सगळ्यांसमोर डॉक्टरांना फोन लावला. कारखान्यामागची वस्ती, कातडी खरवडणाऱ्याचं घर, कुणीही दाखवेल. काल चुन्यानं भरलेला माणूस आला होता ना, तो माझा काका. पलीकडे डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग डॉक्टर अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तू आता घाई करू नकोस हं. आराम कर. यायचं तेव्हा आम्ही कळवतो."

कळवतो. शब्द तिच्या ओळखीचा होता.

लॅबमधून भेटायला कुणी आलं नाही, कामावर बोलावणंही आलं नाही.

बाई मात्र आल्या, कुणाकडून तरी कळलं म्हणून. चटईवर बसल्या, आणि आईला म्हणाल्या, "पत्ता बदलायचा सल्ला माझा होता." आई म्हणाली, "तुम्ही भल्यासाठीच सांगितलं असेल." निघताना बाईंनी बारकीला संस्थेत यायला सांगितलं. "नव्या मुलींचा वर्ग आहे. या वेळी मी बोलणार नाही. तू बोल."

ती गेली. बाई शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. बारकीनं जसं घडलं तसं सांगितलं, आवाज न चढवता, जणू दुसऱ्याच कुणाचं. संपल्यावर एक मुलगी उभी राहिली. वस्तीतलीच होती, बारकीनं तिला लगेच ओळखलं.

"मग ताई, मी पत्ता कुठला लिहू?"

"आपला लिही."

"आणि नोकरी नाही मिळाली तर?"

बारकीनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घातली नाही.

"नाही मिळणार कदाचित," बारकी म्हणाली. "मलाही अजून मिळालेली नाही. मी पुन्हा अर्ज केलेत. खऱ्या पत्त्यावरून."

"जी लॅब पत्ता विचारून नकार देईल," बाई मागून त्या मुलीला म्हणाल्या, "त्या लॅबमध्ये मी स्वतः तुझ्याबरोबर येईन. का म्हणून विचारेन. तिथे यापुढे या संस्थेतून एकही मुलगी जाणार नाही."

मुलगी खाली बसली. तिनं अर्ज पुढे ओढला आणि लिहायला लागली.

त्या वर्गातल्या मुलींचे अर्ज आता निघाले आहेत. तुमच्यापैकी कुणाचं दुकान असेल, दवाखाना असेल, ऑफिस असेल. एखादा अर्ज तुमच्याही टेबलावर येईल. तुम्ही नाव वाचाल, गुण वाचाल, समाधानानं मान हलवाल. मग तुमचं बोट खालच्या, पत्त्याच्या ओळीवर येईल.