वीजदगड आणि सैल दोरा

कासिमिरोला वीजदगड सापडला तेव्हा तो आमच्या टेकडीवर कुणाच्या तरी परसात संडासाचा खड्डा खणत होता. जागा काही शुभ म्हणता यायची नाही, पण दगड देखणा होता. काळपट हिरवा, बदामासारखा एका टोकाला निमुळता, आणि इतका गुळगुळीत की हातातून खाली ठेववेना. शाळेतल्या बाई सांगतात, स्पॅनिश लोक यायच्या आधी इथं राहणाऱ्या माणसांची ही कुऱ्हाड. असेल. आम्ही म्हणतो, वीज पडते तेव्हा हा दगड जमिनीत शिरतो. विजेलाही झाडं तोडायला काहीतरी लागतच असेल. आणि ज्या घरात तो असतो, तिथं वीज फिरकत नाही.

कासिमिरोनं दगड धुतला, स्वतः आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि थेट माझ्या शेजारणीकडे, तोमासिनाबाईंकडे आला. त्यांच्याजवळ राहणारी त्यांची मुलगी एर्सिलिया त्याला हवी होती. दोघंही पन्नाशीला टेकलेली, दोघांचेही पहिले जोडीदार देवाघरी गेलेले, म्हणून जरा घाई होती. एर्सिलियानं आईला सांगून टाकलं होतं, तू हो म्हणालीस तर लग्न, नाहीतर नाही. या आज्ञाधारकपणाचा म्हातारीला भारी राग यायचा, कारण सगळं तिच्याच गळ्यात येऊन पडलेलं.

तिची अट एकच होती. पहिल्या जावयानं सोन्याची म्हणून आणलेली साखळी महिन्याभरात हिरवी पडली होती, पोरीच्या गळ्यासकट. या खेपेला येईल त्यानं एक तरी खरी वस्तू आणावी.

खरा वीजदगड ओळखायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला दोरा गुंडाळायचा आणि पेटती काडी लावायची. दोरा जळला तर दगड खोटा. मी शिवणकाम करते, म्हणून रीळ माझ्याकडून मागवलं. गुंडाळायला मात्र म्हातारी स्वतः बसली.

या बाईचं उभं आयुष्य सिगार वळण्यात गेलेलं. त्या बोटांनी सैल गुंडाळलेलं काही या टेकडीवर कुणी पाहिलं नव्हतं. त्या दुपारी मी पाहिलं. दोरा दगडाला धड शिवतही नव्हता. काडी लावताच भर्रकन पेटला.

"खोटा," तोमासिनाबाई म्हणाल्या.

एर्सिलिया कॉफीचे कप उचलायला लागली. कुणाची कॉफी अजून संपली नव्हती.

कासिमिरोनं वाद घातला नाही. दगड शर्टाला पुसला, टोपी घेतली आणि निघाला. तेवढ्यात डोंगरापलीकडे गडगडलं. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी ते गडगडतंच, आणि आरशाकडे वीज ओढली जाते या भीतीनं तोमासिनाबाई त्यावर चादर टाकून बसतातच.

"दगड कुठं नेतोस?" त्यांनी विचारलं.

"घरी, बाई. खोटा तर खोटा. दाराला अटकण होईल."

"दार इथंही आहे."

"आई, एक काय ते ठरव," एर्सिलिया म्हणाली. "खोटा आहे ना? मग जाऊ दे त्याच्याबरोबर."

पुन्हा गडगडलं, या वेळी जवळ. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. मी रिळाकडे पाहिलं.

"नेरेइदा, हा काय दोरा म्हणायचा? दुसरा दे."

मी त्याच रिळाचा दिला. आता बोटं नीट चालली. दोरा दगडात रुतल्यासारखा बसला. एक काडी विझली, दुसरी विझली, दोरा नुसता काळवंडला.

कासिमिरोचा चेहरा उजळला. तो म्हणाला, आम्ही दोघं खाली नदीपाशी माझ्या घरी राहू, दगड मात्र तुमच्याकडेच असू दे, तुम्हाला भीती नको. चांगल्या मनानंच म्हणाला बिचारा. म्हातारी एवढीशी झाली. मघाचा दोरा कशापायी सैल पडला होता ते मला तेव्हा कळलं.

"तसं चालत नाही," ती सावरून म्हणाली. "ज्याला सापडला तो त्याच छपराखाली झोपला तरच दगड काम करतो. नाहीतर नुसता धोंडा."

वीजदगडाबद्दल मी जन्मभर नाही नाही ते ऐकलंय, हे कधीच नाही. एर्सिलियानंही ऐकलं नसावं. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि कप पुन्हा टेबलावर मांडले.

कासिमिरोनं टोपी खुंटीला अडकवली.

"घोरतोस का रे?" तोमासिनाबाईंनी विचारलं.

"थोडंसं."

"मग मागची खोली घ्या."