अठरावं सर्टिफिकेट

सॉरेल रिजचा तुरुंग तुरुंगासारखा दिसत नसे आणि तिथल्या साहेबलोकांना याचा मोठा अभिमान होता. टेकडीवरच्या त्या विटांच्या इमारतीत आधी क्षयरोग्यांचं इस्पितळ होतं. रोगी कमी झाले तसं तिथे मुलींचं कॉलेज आलं. कॉलेज बुडालं तेव्हा सरकारनं भोवती तारेचं कुंपण घातलं आणि हलक्या गुन्ह्यांतले हजारभर कैदी आणून ठेवले. इस्पितळात रोग्यांना उन्हात बसवत, कॉलेजात मुलींना नीट बसायला शिकवत आणि आता कैद्यांना सुधारत. तिन्ही काळांत एक गोष्ट मात्र बदलली नाही. माणूस बरा झाला की नाही, हे ठरायचं ते वरच्या मजल्यावरच्या कचेरीत, कागदावर.

हा इतिहास ऑर्विल टॅकेटला तोंडपाठ होता, कारण तो त्यानंच लिहिला होता. ऑर्विल एकतीस वर्षं शाळामास्तर होता. शाळेच्या छपराच्या कंत्राटावर त्यानं नको तिथे सही केली आणि चार वर्षांसाठी इथे आला. आल्या आल्या त्यानं शिक्षण विभागाकडून एक खोली आणि एक फळा मागून घेतला आणि वाचनवर्ग हाती घेतला. आता राजधानीहून तपासनीस येणार होते. त्यांच्या हातात द्यायला संस्थेचा इतिहास हवा, म्हणून शिक्षण विभागाच्या हॅल्वरसनबाईंनी तो ऑर्विलकडून लिहून घेतला. तळघरातली खोकी उपसून त्यानं अकरा पानं लिहिली. बाईंनी दोन ठेवली. एका पानावर स्थापना होती, दुसऱ्यावर बाईंची नेमणूक.

"मॅडम, वाचनवर्गाचं पान तरी ठेवायचं होतं," ऑर्विल म्हणाला. "पहिल्या दिवसापासून चालू असलेला तोच एक वर्ग आहे इथे."

"टॅकेट, या तिमाहीत विणकामात चाळीस जण पास झाले. राग आवरण्यात साठ. कुत्र्याला शिकवण्यात बावीस."

"कुत्रा एकच आहे, मॅडम. आणि तो अजून कुणाचं ऐकत नाही."

"कुत्र्याची परीक्षा नसते. तुमच्या वाचनात किती पास झाले?"

"वाचायला वेळ लागतो."

"म्हणजे एकही नाही. सोमवारपासून ती खोली मी 'आनंदी श्वसना'ला दिली आहे. सहा आठवडे, तीस माणसं. श्वास सगळ्यांना येतो, त्यामुळे कुणी नापास होत नाही."

ऑर्विल बराकीत परतला तेव्हा रूफस बायनम खाटेवर बसून एका जुन्या वर्तमानपत्रावर बोट फिरवत होता. रूफस त्याचा शेजारी आणि त्याचा सगळ्यात थोराड विद्यार्थी. त्रेपन्न वर्षांचा, ट्रक चालवणारा, दारासारखा रुंद. कोर्स केला की शिक्षेतले काही दिवस कमी होतात, म्हणून सापडेल तो कोर्स त्यानं केला होता. त्याच्या खाटेवरच्या भिंतीला सतरा सर्टिफिकेटं चिकटवलेली होती आणि त्यांतलं एकही त्याला वाचता येत नव्हतं.

आठव्या कोर्सनंतर दिवसांची सूट संपली होती. पुढचे त्यानं सवयीनं केले. वाचनवर्गाला मात्र तो एकाच कारणानं येई. त्याची मुलगी लवॉन दर पंधरवड्याला पत्र पाठवायची आणि ते त्याला ऑर्विलकडून वाचून घ्यावं लागायचं.

"मास्तर, तुमचे उपकार आहेत," तो म्हणायचा, "पण माझी पोर तुमच्या आवाजात बोलते ना, तेव्हा मला ती दाढीवाली दिसते. आणि तुम्ही मध्येच खाकरून दोन ओळी गाळता, तेही कळतं मला. त्यात तिच्या आईबद्दल असतं. ते माझं मला वाचायचंय."

अक्षरं ओळखू येऊन त्याला चार महिने झाले होते. छापील छोटे शब्द जुळायला लागले होते. अशा वेळी वर्ग बंद होणार, हे ऑर्विलनं त्याला सांगितलं, तेव्हा रूफसनं वर्तमानपत्राची घडी घातली आणि बराच वेळ ती हातानं दाबत बसला.

"श्वास घ्यायला शिकवणार म्हणता?" तो अखेर म्हणाला. "एवढी वर्षं मी काय करत होतो मग?"

गुरुवारी तपासनीस आले. नाव विल्मर्डिंग. आता, सॉरेल रिजमध्ये खाकी हा कैद्यांचा कपडा. फाटकावर हातभर पाटी आहे की, भेटीला येणाऱ्यानं खाकी घालू नये. खाकी घातली म्हणून किती बायका मुलांना घेऊन तशाच माघारी गेल्या असतील. पण राजधानीच्या साहेबाला पाटी दाखवणार कोण? विल्मर्डिंगसाहेब आले ते खाकी पॅन्ट, खाकी शर्ट घालूनच, कारण त्यांच्या मते पाहणीचं काम साध्या कपड्यांत करावं. ओळखपत्र कोटाला लावलेलं होतं. दुपारी उकडायला लागल्यावर कोट त्यांनी बाईंच्या कचेरीत ठेवला.

चारला पाच मिनिटं असताना बाईंना फोन आला आणि साहेब एकटेच बराकीत शिरले. रूफसच्या भिंतीपुढे थांबून ते कौतुकानं मान हलवत होते, तोच गणतीची घंटा झाली. चारच्या गणतीला प्रत्येकानं आपल्या खाटेशी उभं राहायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही. गणती करायला डुगन नावाचा शिपाई होता आणि नोकरीतला त्याचा तिसरा आठवडा होता.

त्यानं मोजलं. थांबला. परत मोजलं.

"एक जास्त आहे," तो पुटपुटला.

इतिहासकार म्हणून ऑर्विलचे कान टवकारले. खोक्यांतल्या सगळ्या नोंदींत गणती कधीकधी कमी भरली होती. जास्त कधीच भरली नव्हती. इथे आपणहून कोण येणार!

"मी तपासनीस आहे!" विल्मर्डिंग म्हणाले.

"मागच्या आठवड्यात एक जण सिनेटर होता," डुगन म्हणाला. "नंबर सांग."

"मला नंबर नाही!"

"नंबर नाही, खाट नाही आणि वर तोंड आहे. गप उभा राहा. मोठ्या साहेबांना विचारून येतो."

हजार माणसं जागच्या जागी उभी राहिली. गणती जुळल्याशिवाय कुणी हलायचं नाही, हा नियम आणि कुणी हलल्याशिवाय हरवलेल्या तपासनीसांचा पत्ता लागायचा नाही, ही अडचण. तास गेला, सवा तास गेला. शेवटी विल्मर्डिंगसाहेब कैद्यांसारखे ओठ न हलवता बोलायला शिकले. सॉरेल रिजमधला हा एकमेव कोर्स, जो शिकवणाऱ्याविना येतो.

"ही सगळी तुझी?" त्यांनी भिंतीकडे डोळे फिरवून रूफसला विचारलं.

"हो साहेब."

"या निळ्या काठाच्या कागदावर 'ललित लेखन, विशेष प्रावीण्य' असं आहे. काय लिहिलंस?"

"लिहिलं नाही काही. मला लिहिता-वाचता येत नाही. पण त्या वर्गात खिडकीजवळची जागा मिळाली होती."

"मग हे 'ग्रंथालयशास्त्र'?"

"त्यात पुस्तकं उचलायची होती. बरीच जड असतात."

साहेबांनी पुन्हा एकदा भिंतीवर नजर फिरवली. "तुला वाचायला कुणीच शिकवत नाही?"

"हे मास्तर शिकवतात. सोमवारपर्यंत."

ऑर्विलनं समोर बघत, शिस्तीत उभं राहून, गाळलेली नऊ पानं तोंडी सांगितली. श्रोता इतका खिळून उभा आहे, असं एकतीस वर्षांत कधी झालं नव्हतं. मग हॅल्वरसनबाई कोट छातीशी धरून धावत आल्या आणि गणती जुळली.

पुढल्या आठवड्यात हुकूम आला: वाचनवर्ग चालू ठेवावा. बराकीत टाळ्या झाल्या. पण हुकमाला दुसरं पान होतं. वर्ग सहा आठवड्यांचा असावा, शेवटी परीक्षा घ्यावी, पास होणाऱ्यास सर्टिफिकेट द्यावं आणि एकदा सर्टिफिकेट मिळालेल्यास त्याच वर्गात पुन्हा बसू देऊ नये. नापास होणाऱ्यास पुन्हा सहा आठवडे मिळावेत. बाई खूश होत्या. आता वाचनातही आकडे येणार होते.

रूफस जिवाच्या आकांतानं शिकला. पाचव्या आठवड्यात त्यानं भिंतीवरचं पहिलं सर्टिफिकेट वाचलं आणि म्हणाला, "माझ्या नावात एक अक्षर कमी आहे." पण लवॉनची अक्षरं एकात एक गुंतलेली, घाईत लिहिलेली. ती त्याला काही केल्या सुटेनात. छापील अक्षर सुट्टं उभं राहतं, हाताचं अक्षर पळतं.

"मास्तर, पळणारी अक्षरं कधी शिकवणार?"

"त्याला अजून दोन-तीन महिने लागतील रे."

"आणि शुक्रवारी मी पास झालो तर?"

विद्यार्थ्याला नापास हो म्हणून सांगणं ऑर्विलच्या जिभेवर येईना. छपराच्या कंत्राटावर सही केली, पण हे पाप त्यानं कधी केलं नव्हतं.

शुक्रवारी परीक्षा झाली. वीस प्रश्न, प्रत्येकाखाली चार उत्तरं, बरोबर असेल त्यावर खूण करायची. बाकीचे पटापट उठले. रूफस मात्र ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, शेवटचं मिनिट होईपर्यंत बसला होता. सोमवारी बाईंनी ऑर्विलला कचेरीत बोलावून कागद पुढे टाकला.

"तुमचा बायनम. वीसपैकी शून्य! डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी चार-पाच आले असते. हे शिकवता तुम्ही?"

ऑर्विलनं कागद सावकाश वाचला. बर्फ कसा असतो? रूफसनं 'गरम'वर खूण केली होती. आठवड्यात किती दिवस असतात? नऊ. मासा कुठे राहतो? झाडावर. सगळ्या खुणा नीट होत्या, एकही खाडाखोड नव्हती. इतकं पक्कं शून्य कुठल्याही विद्यार्थ्यानं त्याला आजवर मिळवून दिलं नव्हतं.

"फार कच्चा आहे, मॅडम," तो म्हणाला. "त्याला ठेवावाच लागेल."

"ठेवा. मला काय!"

रूफस जिन्याखाली वाट बघत उभा होता.

"अरे, चार तरी बरोबर करायचेस!" ऑर्विल दबक्या आवाजात ओरडला. "शून्य बघून बाईंना संशय आला असता म्हणजे?"

रूफस लाजला. "करणार होतो, मास्तर. पण आयुष्यात पहिल्यांदाच वीसच्या वीस उत्तरं येत होती मला. ओळखून ओळखून चुकवत गेलो, त्यातलं एकही हातचं सोडवेना."

ऑर्विलनं त्याच्या पाठीवर थाप मारली, त्याला वर्गात नेलं आणि फळ्यावरून खडू न उचलता, अक्षरात अक्षर गुंतवत एक लांबलचक ओळ लिहिली.

"चल," तो म्हणाला. "या पळणाऱ्यांना आता धर."