खिटी वर, खिटी खाली

लेओटाने अंगठ्याने खिटी खाली दाबली, दोन्ही हात सरळ केले आणि चाप ओढला. कुंपणाच्या खांबावरचा कॉफीचा डबा उडून गवतात पडला.

"मेलीस," मागून व्हर्लिन म्हणाला.

"डबा मेलाय, बाबा."

"डब्याच्या हातात चाकू नव्हता म्हणून. तुझा अंगठा खिटी शोधत होता तेवढ्यात चाकूवाला माणूस येऊन, तुला भोसकून, माझ्या तब्येतीची चौकशी करून गेला असता."

पिस्तूल नवं होतं, लेओटाच्या छोट्या हातात मावेल असं व्हर्लिननेच निवडलेलं. डाव्या अंगाला नखाएवढी खिटी. वर केली की पिस्तूल झोपलं, खाली केली की जागं झालं. लेओटा ती वर ठेवूनच फिरायची. व्हर्लिनच्या मते हे म्हणजे राखणीला कुत्रा पाळायचा आणि रात्री त्याला अफू द्यायची.

सोमवारपासून ती पुन्हा कामावर जाणार होती. काम म्हणजे डोंगराच्या घळीघळींतून गाडी चालवत जायचं आणि म्हाताऱ्या लोकांच्या जखमा बांधायच्या. तिथे फोनला रेंज नसते आणि कुत्रे मोकळे असतात. ती कामावर असताना एमस, तिचा तीन वर्षांचा मुलगा, व्हर्लिनकडे राहणार होता. दोन्ही गोष्टी एकाच जेवणावर ठरल्या होत्या. तिने पिस्तूल घ्यायचं, त्याने नातू सांभाळायचा.

"एमस दिवसभर माझ्या अंगावर लोंबकळतो," ती म्हणाली. "माझ्या पिशवीत, खिशात, सगळीकडे त्याचे हात असतात. खिटी खाली ठेवून मी त्याला कडेवर कशी घेऊ?"

"कमरेचं म्यान घट्ट असलं आणि बोट चापापासून लांब असलं की झालं. मी शेरीफच्या खात्यात असताना तुला कडेवर घेऊनच वाढवलं ना?"

"म्हणून तर आई तुमच्यावर ओरडायची."

"ती पाऊस पडला नाही तरी माझ्यावर ओरडायची." मग तो हसायचं थांबला. "क्लोव्हिसची वर होती," तो म्हणाला.

हे वाक्य आलं की वाद संपायचा. क्लोव्हिस त्याचा जोडीदार. एका घराच्या पायरीवर तो मारला गेला तेव्हा पिस्तूल बाहेर होतं, हातात होतं, आणि खिटी वर होती. ते त्याच्या हातातून व्हर्लिननेच सोडवून घेतलं होतं. त्यानंतर व्हर्लिनने स्वतःची खिटी कधी वर केली नाही, आणि निवृत्त झाल्यावर गावच्या सभागृहात पिस्तुलाच्या परवान्याचे वर्ग घेऊन अर्ध्या खोऱ्यालाही ती वर करू दिली नाही.

त्याने गवतातला डबा उचलला आणि खांबावर ठेवला. डबा पडला. त्याने पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी दोन्ही हातांनी धरून त्याने तो बसवला.

"वारा आहे," तो म्हणाला.

लेओटाने वर पाहिलं. अक्रोडाचं एकही पान हलत नव्हतं.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. लांब टेबलांवर घरोघरून आलेली भांडी मांडली होती. घेवडा, मक्याचा ब्रेड, मसाला भरलेली अंडी, आणि टोकाला इमोजीनताईंचं केळ्याचं पुडिंग. त्याच्यावर त्या स्वतः पहारा देत उभ्या होत्या.

"व्हर्लिनभाऊ, ते तिसरं अंडं. बायको वर गेली म्हणून तिला दिसत नाही असं समजू नका."

"तिथून जास्त स्पष्ट दिसत असेल," व्हर्लिन म्हणाला आणि चौथं घेतलं.

थोड्या वेळाने तो हात पुसत उठला आणि जिन्याखालच्या संडासाकडे गेला. अख्ख्या तळघराला तो एकच. परत आला तेव्हा कोणीतरी मासेमारीची गोष्ट काढली होती आणि तो उभ्यानेच तिच्यात शिरला.

एमसने लेओटाचा स्कर्ट ओढला. "शू."

"आत्ता? खरंच? की मघासारखी?"

"खरी शू."

तिने त्याला उचललं, आत नेलं, दाराला कडी लावली आणि भांड्यावर बसवलं. एमस पाय हलवत इकडेतिकडे बघत होता. मग त्याने बोट दाखवलं.

"आबांचं," तो म्हणाला.

भांड्याच्या बाजूला छोटी खिडकी होती आणि खिडकीच्या फळीवर, साबणाशेजारी, व्हर्लिनचं पिस्तूल होतं. काळं, कडांना घासून चांदीसारखं झालेलं. एमसचा हात अजून पुढेच होता. बोटाचं टोक फळीला टेकलं होतं.

परवान्याच्या प्रत्येक वर्गात व्हर्लिनचा हा सगळ्यात मोठा विनोद असायचा. संडासात गेलात तर पिस्तूल खाली उतरवलेल्या पँटमध्येच ठेवा. टाकीवर नाही, खिडकीत नाही. पिस्तूल विसरलेली माणसं मी खूप पाहिली, पण पँट विसरून बाहेर आलेला अजून पाहायचाय. बायका तोंडावर हात ठेवून हसायच्या. लेओटाही हसली होती.

तिने एमसचा हात हळूच धरून खाली आणला आणि दुसऱ्या हाताने पिस्तूल उचललं. अंगठा आपोआप खिटीवर गेला.

खाली.

तिने मॅगझिन काढलं. नळीत उरलेली गोळी बाहेर काढून तळहातावर झेलली. सगळं व्हर्लिनने शिकवल्याप्रमाणे, नळीचं तोंड भिंतीकडे ठेवून. मग पिस्तूल एमसच्या जादा चड्ड्यांखाली घातलं आणि पिशवीची चेन लावली. गोळी स्कर्टच्या खिशात टाकली.

"झाली?"

"नाही आली," एमस म्हणाला.

बाहेर व्हर्लिन पुडिंगच्या रांगेत होता. हातात कागदी ताटली आणि तोंडात अजून गोष्टीतला तोच मासा, एव्हाना बराच लांब झालेला. बोलता बोलता त्याचं कोपर सवयीने कमरेच्या रिकाम्या म्यानाला घासलं.

वाक्य अर्ध्यावर राहिलं. ताटली कलली आणि तिच्यातला चमचा खाली पडला. त्याने संडासाच्या दाराकडे पाहिलं. दारात लेओटा उभी होती, एका हाताशी मुलगा, दुसरा हात पिशवीवर. तिने पिशवीवर दोनदा थोपटलं.

"अहो, घ्या ना," इमोजीनताई डाव पुढे करत म्हणाल्या. "की आता अंडी वर यायला लागली?"

"साखर वाढलीय," तो म्हणाला आणि रिकामी ताटली टेबलावर ठेवली.

गाडीत एमस मागच्या खुर्चीत पट्ट्याने बांधला गेला आणि लगेच झोपला. पिशवी पुढे, दोघांच्या मध्ये. व्हर्लिनने किल्ली घातली, पण फिरवली नाही.

"कुठे होतं?"

"खिडकीत."

"कोणी पाहिलं?"

"एमसने."

तो समोर बघत राहिला. लोक तळघरातून वर येत होते, भांडी झाकून, एकमेकांना हात करून. कोणीतरी त्यालाही हात केला आणि त्यानेही केला.

"रिकामं केलंस?"

"हो."

"खिटी," तो म्हणाला. "वर होती की खाली?"

लेओटाने खिशातली गोळी मुठीत धरली. ती अंगाच्या उबेने गरम झाली होती.

"वर होती," ती म्हणाली.

व्हर्लिनने मान हलवली आणि गाडी सुरू केली. नदीवरचा पूल ओलांडल्यावर तो म्हणाला, "खोटं बोलायला तुला मी शिकवलं नव्हतं."

"नाही. आईने शिकवलं. तुमच्यासाठीच."

त्याचा ओठ किंचित हलला. नदी मागे पडली.

तिच्या दारात त्याने गाडी थांबवली, खाली उतरला आणि गाडीच्या आडोशाला उभा राहून कमरेचा जाड पट्टा सोडला. लेओटा एमसला खांद्यावर घेत होती. त्याने पट्ट्यातून चामड्याचं म्यान ओढून काढलं आणि पिशवीची चेन उघडून चड्ड्यांवर ठेवलं. चेन लावायला त्याला वेळ लागला. तिने मदत केली नाही.

"उद्या किती वाजता येऊ?" त्याने विचारलं. तिच्याकडे बघून नाही, एमसच्या पाठीकडे बघून.

लेओटाने एमसचं डोकं खांद्यावर नीट टेकवलं. "सातला," ती म्हणाली. "उशीर करू नका. पहिलं घर लांब आहे."

"तू तुझी वर ठेवणार?"

"वर ठेवणार."

"ठेव," तो म्हणाला.

मग तो पट्टा पुन्हा बांधायला लागला. इतकी वर्षं म्यानासकट बांधलेला पट्टा आता म्यानाशिवाय शेवटच्या भोकातही ढिला पडत होता. शेवटी त्याने तो नाद सोडला आणि एका हाताने पँट धरून गाडीत जाऊन बसला.