कूलंट जातं कुठं?

इंजिन तापून गाडी भर रस्त्यात बंद पडली, तेव्हापासून मेकॅनिक लेकीचं डोकं फिरायची वेळ आली होती. रोज इंजिन थंड ठेवणारं कूलंट भरावं आणि रोज ते गायब! रेडिएटर, रबरी नळ्या, पंप सगळं तिनं पालथं घातलं; पण मेली गळती सापडेल तर शपथ.

संध्याकाळी ती घराबाहेर आली, तर जन्मभर ट्रक चालवलेले वडील बंपरखाली बादली धरून रेडिएटरची तोटी सोडत होते.

"बाबा, हे काय करताय?"

"थंडीत पाणी गोठून इंजिन फुटतं, पोरी. रात्री काढायचं, सकाळी परत भरायचं."

"आणि सकाळी भरता?"

"म्हणजे काय! कधी विसरलोय का मी?"

त्यांच्यामागे भिंतीआड हिरव्या कूलंटच्या चार बादल्या तशाच उभ्या होत्या.